राख कुठे गेली?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गमध्ये मोनोंगहेला आणि अलेगेनी या दोन नद्यांचा संगम होतो आणि तिथून ओहायो नदी सुरू होते. संगमावर उभे राहिले की दक्षिणेला नदीकाठावरून सरळ वर गेलेला एक कडा दिसतो. आज तो माउंट वॉशिंग्टन म्हणून ओळखला जातो. जुन्या नकाशांवर तोच कोल हिल आहे. त्याच्या पोटात दगडी कोळशाचा थर आहे, आणि १७६० च्या दशकात संगमावरच्या किल्ल्यातले ब्रिटिश शिपाई तो कोळसा काढून जाळत होते. त्यासाठी खोल खणावे लागले नाही. थर डोंगराच्या कुशीत उघडाच पडला होता. आडवे खणत आत शिरायचे आणि निघालेला कोळसा उतारावरून खाली सोडायचा, एवढेच काम.

आता त्या कड्यावर लोक शहराचे फोटो काढायला जातात. भारतातून कोणी पाहुणे आले की मीही त्यांना तिथे नेते. वर जायला उतारावरून दोरखंडाने ओढले जाणारे डबे आहेत: मोनोंगहेला इन्क्लाइन १८७० ची, ड्यूकेन इन्क्लाइन १८७७ ची. पाहुण्यांना त्यांची मौज वाटते. त्या बांधल्या गेल्या त्या मात्र गरजेपोटी. नदीकाठची थोडीफार सपाट जमीन कारखान्यांनी आणि रेल्वेने घेतली, आणि कामगारांना राहायला उरले ते डोंगर. पाळीला खाली उतरायचे, पाळी संपली की वर चढायचे. या शहरात सातशेहून अधिक सार्वजनिक जिने आहेत आणि त्यांतले कित्येक नकाशावर रीतसर रस्ते म्हणून नोंदलेले आहेत, तेही याच कारणाने. पिट्सबर्गची घरे अशी एकमेकांच्या डोक्यावर का उभी आहेत, याचे उत्तर वास्तुशास्त्रात शोधून सापडत नाही. ते खाली नदीकाठी कोणती भट्टी होती यात सापडते.

इथे नोकरीसाठी येऊन बरीच वर्षे झाल्यावर मी एका महाविद्यालयाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. विषय होता भूदृश्याचा इतिहास. म्हणजे एखादा मुलूख आज दिसतो तसा का दिसतो, हे शोधायला शिकणे. आमच्या शिक्षिकेची रीत साधी होती. कोणत्याही जागी गेलात की दोन प्रश्न विचारा, असे त्या सांगत. इथे ऊर्जा कुठून आली? आणि तिची राख कुठे गेली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा स्मारकाच्या फलकावर लिहिलेले असते. दुसऱ्यासाठी पायपीट करावी लागते.

पायपिटीच्या आधी कागद. इथल्या गावांचे आगविम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न कंपनीचे जुने नकाशे मिळतात. त्यांत विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी, दगडाची निळी. बॉयलर कुठे होता, कोठाराचे छप्पर कशाचे होते, हेही त्यात कळते, कारण विमा उतरवणाऱ्याला आगीची काळजी होती. मग १९३० च्या दशकाअखेरीस विमानातून घेतलेली छायाचित्रे. आणि आता लायडार, म्हणजे विमानातून लेसर किरण सोडून केलेली जमिनीची मोजणी, जिच्यात झाडी पुसून टाकून खालचा उघडा भूभाग पाहता येतो. हे तीन थर एकमेकांवर ठेवून पाहायला लागल्यापासून माझी नजर बदलली. मोकळे मैदान दिसले की आता मी आधी विचारते, ही जमीन इतकी सपाट कशी?

लायडारने मला पहिला धक्का दिला तो जंगलात. पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व भागात होपवेल नावाची जुनी लोखंडभट्टी आहे. १७७१ ते १८८३ या काळात ती चालली आणि आज राष्ट्रीय स्मारक म्हणून जपली आहे. अशा भट्टीला लाकडी कोळसा लागायचा, तोही इतका की भट्टी पेटती असली की दिवसाला साधारण एक एकर जंगल तिच्या पोटात जाई. सह्याद्रीत कातकरी जसा कोळसा पाडत, तसाच तो इथेही पाडला जात असे: लाकडे रचायची, पाला-मातीने लिंपायची, आत धुमसत ठेवायची आणि रात्रंदिवस जागून राखण करायची. त्यासाठी उतारावर गोल, सपाट ओटा करावा लागे. लायडारच्या नकाशावर त्या भागातल्या डोंगरउतारांवर असे ओटे देवीच्या व्रणांसारखे ठिकठिकाणी उमटलेले दिसतात. प्रत्यक्ष जागी गेले तर वर ओक आणि मेपलची दाट झाडी. पायाने पाला सारला की खालची माती काळी लागते.

म्हणजे ज्याला मी रान समजत होते ते एकदा, काही ठिकाणी दोनदा-तीनदा, पूर्ण तुटून पुन्हा वाढलेले होते. राज्याच्या उत्तर भागात हे आणखी मोठ्या प्रमाणावर घडले. तिथल्या हेमलॉक वृक्षांच्या सालीत कातडी कमावायला लागणारे द्रव्य असते. सालीसाठी आणि लाकडासाठी डोंगरच्या डोंगर उघडे केले गेले. राहिलेल्या फांद्यांना आगी लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मुलखाला लोक पेनसिल्व्हेनियाचे वाळवंट म्हणू लागले होते. १९२३ मध्ये तिथे अलेगेनी राष्ट्रीय वन स्थापन झाले, आणि उघड्या जमिनीवर, भरपूर उन्हात, जी झाडे सर्वात आधी उठली त्यांत काळी चेरी होती. आज जगभरच्या फर्निचरवाल्यांना तिथले चेरीचे लाकूड हवे असते. ते त्या तोडीचेच पीक आहे.

दगडी कोळशाने जंगल वाचवले, असे पुस्तकांत असते. ते खरे आहे. पण खाणींत आधाराला खांब लागत आणि रेल्वेखाली स्लीपर लागत, तेही लाकडाचेच. पुढे जंगल परत वाढले, कारण झाडे परत वाढू शकतात. कोळशाने जिथे हात घातला तिथे परत वाढण्यासारखे काही नव्हते.

या सगळ्या अभ्यासात मी ज्या जागेवर अडकून पडले ती म्हणजे कॉनेल्सव्हिल. पिट्सबर्गच्या दक्षिणेला, फेएट आणि वेस्टमोरलँड या परगण्यांतला हा पट्टा. पोलादासाठी लोखंड वितळवायचे तर कच्चा कोळसा चालत नाही. त्यातले वायू आणि डांबर जाळून काढून उरलेला कठीण, सच्छिद्र कोक लागतो. कॉनेल्सव्हिलच्या कोळशाचा कोक फार उत्तम होई. तो बनवायच्या भट्ट्या मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याच्या आकाराच्या, विटांच्या घुमटीसारख्या होत्या. वरच्या भोकातून कोळसा ओतायचा, पुढचे दार विटांनी जवळजवळ बंद करायचे आणि दोन-तीन दिवस धुमसू द्यायचे. मग दार फोडून आत पाणी मारायचे आणि लांब लोखंडी खोऱ्याने लालभडक कोक बाहेर ओढायचा. ते ओढणारा माणूस त्या तोंडापाशी उभा राहून दिवसभर हेच करी. हेन्री क्ले फ्रिक यांनी १८७१ पासून हा धंदा उभा केला, आणि काही दशकांत या पट्ट्यात हजारो भट्ट्या झाल्या.

त्या कुठे बांधल्या हे पाहण्यासारखे आहे. दीड टन कोळशापासून साधारण एक टन कोक निघतो. मग जास्तीचे वजन वाहून कशाला न्यायचे? भट्टी खाणीच्या तोंडाशीच हवी. वरून कोळसा ओतायचा आणि खालून कोक रेल्वेच्या डब्यात भरायचा, तर उतार हवा. म्हणून डोंगराच्या पायथ्याला रांगाच्या रांगा. खाण, भट्ट्या आणि रूळ एका जागी आले की माणसेही तिथेच हवीत. म्हणून प्रत्येक खाणीशेजारी कंपनीची वस्ती: एका साच्यातली जोडघरे, मागे भाजीचा तुकडा, वस्तीच्या तोंडाशी कंपनीचे दुकान. स्लोव्हाक, पोलिश, हंगेरियन, इटालियन माणसे आली, पुढे दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबे आली. भाडे कंपनीला, किराणा कंपनीचा, आणि पगारातून दोन्ही वळते. या वस्त्या आजही आहेत. घरांना वेगवेगळे रंग दिलेत, पुढे पडव्या काढल्यात, पण रांग बदललेली नाही. दोन घरांमधले अंतर बदललेले नाही. विटांच्या काही भट्ट्या झाडीत तशाच आहेत. वेलींमधून एका ओळीत अर्धवर्तुळाकार तोंडे दिसतात, आणि घुमटीवर झाड वाढून त्याची मुळे आत उतरलेली असतात.

मग हे सगळे थांबले का? कोळसा संपत आला हे एक कारण. दुसरे मला जास्त महत्त्वाचे वाटते. घुमटीच्या भट्टीत कोळशातला वायू, डांबर, अमोनिया, सगळे हवेत जाई. पुढे अशी भट्टी आली जिच्यात हे सगळे धरून ठेवता येते. वायू पाइपाने पोलाद कारखान्याला द्यायचा, डांबर विकायचे. एकदा वायूला किंमत आली की भट्टी खाणीजवळ ठेवण्यात अर्थ उरला नाही. ती वायू वापरणाऱ्या कारखान्याजवळ हवी, म्हणजे नदीकाठी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोनोंगहेलाच्या काठावर क्लेअरटन इथे असा अवाढव्य कारखाना उभा राहिला. कोळसा आता खाणीतून थेट नदीवर येऊ लागला, सपाट तळाच्या बार्जमध्ये भरून. बार्जसाठी बारा महिने खोल पाणी हवे, म्हणून नदीवरचे बांध आणि लॉक, म्हणजे बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दारांचे हौद, वाढवले गेले, मोठे केले गेले. आज मोनोंगहेला पाहिली तर संथ, रुंद आणि शांत दिसते. ते एकापुढे एक बांधलेल्या जलाशयांचे पाणी आहे. भट्टीचे तंत्र बदलले आणि एका डोंगरपट्ट्यातल्या गावांचे काम गेले, दुसऱ्या खोऱ्यातली नदी जिन्यासारखी झाली. हे दोन्ही एकाच गोष्टीचे दोन परिणाम आहेत असे ज्या दिवशी नकाशावर दिसले, त्या दिवशी मला हा विषय सोडवेना.

पोलादाचा इतिहास मी इथे सांगत बसत नाही. अँड्र्यू कार्नेगी यांचा ब्रॅडॉकचा एडगर थॉमसन कारखाना १८७५ मध्ये सुरू झाला तो अजून चालू आहे. होमस्टेडचा, जिथे १८९२ मध्ये संप मोडायला आणलेले पिंकर्टन या खासगी कंपनीचे पहारेकरी आणि कामगार यांच्यात गोळीबार झाला, तो १९८६ मध्ये बंद पडला आणि तिथे दुकानांचे मोठे संकुल झाले. गाड्या लावण्याच्या जागेच्या कडेला बारा चिमण्या ओळीने उभ्या ठेवल्यात. नदीपलीकडे कॅरी झोतभट्ट्या आहेत. तिथले वितळलेले लोखंड रेल्वेच्या कढयांतून, पुलावरून, तसेच होमस्टेडला जात असे. आपल्याकडचा एक धागाही इथे येतो. जमशेटजी टाटा १९०२ मध्ये अमेरिकेतले पोलाद कारखाने पाहत हिंडले होते, आणि पुढे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारखाना बांधायचे ठरले तेव्हा आराखड्यांचे काम पिट्सबर्गच्या ज्युलियन केनेडी यांच्या फर्मकडे गेले. जमशेदपूर गावाची पहिली आखणीही त्याच फर्मची. १९१२ मध्ये तिथे पोलाद निघाले. मोनोंगहेलाच्या खोऱ्यात शिकलेली गावाची मांडणी सुवर्णरेखेच्या काठी गेली, ती अशी.

मला बोलायचे आहे ते उरलेल्याविषयी.

पोलाद करताना लोखंडाची मळी निघते, तिला स्लॅग म्हणतात. ती पातळ, तापलेली असतानाच डब्यांतून नेऊन दरीच्या काठावरून ओतत. पिट्सबर्गच्या दक्षिणेला वेस्ट मिफ्लिनमध्ये असा एक प्रचंड ढीग होता. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ सांगतात की लहानपणी वडील त्यांना रात्री गाडीतून तो ओतताना पाहायला घेऊन जात. उतारावरून लाल ओघळ येत आणि सगळे आभाळ उजळून निघे. इतर कुटुंबेही गाड्या लावून बसलेली असत. १९७९ मध्ये त्याच ढिगावर सेंच्युरी थ्री नावाचा मॉल उघडला. तोही आता बंद पडला आहे. शहरात नाइन माइल रन नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यातही १९२० च्या दशकापासून मळी टाकून टाकून दरी भरली गेली, आणि त्या ढिगावर या शतकात नवी घरे बांधली. त्या घरांच्या मागून पायवाट ओढ्यावर उतरते. तिथे दिसणारा करडा दगड डोंगराचा नाही, भट्टीतून आलेला आहे. माझ्या मुलीने तो शाळेच्या संग्रहासाठी उचलला तेव्हा तिला हे समजावून सांगताना मला फार बरे वाटले. तिला त्याचे वय सांगता येत होते. डोंगराच्या दगडाचे कोणाला सांगता आले असते?

मळी निदान जागेवर राहते. धूर राहत नाही, पण डोनोरात तो राहिला. मोनोंगहेलाच्या एका वळणावरचे हे गाव, दोन्ही बाजूंना उंच डोंगर. तिथे जस्ताचा आणि पोलादी तारांचा कारखाना होता. समोरच्या काठावरच्या वेब्स्टरचे शेतकरी पिके आणि फळबागा जळतात म्हणून वर्षानुवर्षे तक्रारी करत, कोर्टात जात. १९४८ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस थंड हवा खोऱ्यात साचली आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसले. धूर वर जाईना. पाच दिवस तो तिथेच होता. गावाला धुराची इतकी सवय होती की हॅलोवीनची मिरवणूक त्यातच निघाली, शाळेचा फुटबॉलचा सामनाही झाला. प्रेक्षकांना मैदान दिसत नव्हते. डॉक्टर घरोघर हिंडत होते, अग्निशमन दलाचे लोक ऑक्सिजनच्या नळकांड्या वाहून नेत होते. रविवारी सकाळी जस्ताच्या भट्ट्या थंड करायला घेतल्या गेल्या आणि त्याच दिवशी पाऊस आला. वीस माणसे गेली. हजारो आजारी पडली. गावाची वस्तीच चौदा हजारांच्या आसपास होती.

डोनोरात आता एक छोटे संग्रहालय आहे. अमेरिकेतल्या स्वच्छ हवेच्या कायद्यांमागे या गावाचे मरण आहे, असे ते अभिमानाने सांगतात, आणि त्यांना तो अधिकार आहे. मी तिथून बाहेर पडले आणि नदीपलीकडच्या डोंगराकडे पाहत राहिले. जुन्या छायाचित्रांत तो बोडका दिसतो, मातीच्या घळी पडलेल्या. आज हिरवा आहे. कारखाना गेल्यामुळे हिरवा आहे. गावात पोटापाण्याचे साधन गेले तेही त्याच कारणाने. ही दोन्ही वाक्ये एकाच दमात बोलायला शिकणे हा या अभ्यासातला मला सर्वात कठीण वाटलेला भाग.

आणि पाणी. इथल्या कितीतरी ओढ्यांचा तळ नारिंगी आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल कोणी रंग सांडला. कोळशाच्या थरात आणि आसपासच्या खडकात पायराइट असते, म्हणजे लोह आणि गंधक. जमिनीखाली बंद होते तोवर ते निरुपद्रवी होते. खाणीमुळे त्याला हवा आणि पाणी मिळाले, गंधकाम्ल तयार झाले, लोह विरघळले, आणि ते पाणी उघड्यावर येताच लोह गाळ होऊन खाली बसले. त्या गाळात किडे जगत नाहीत, म्हणून मासे नाहीत. राज्यात पाच हजार मैलांहून अधिक लांबीचे ओढे-नद्या यामुळे बिघडल्या आहेत. खाण बंद पडली म्हणजे हे थांबत नाही. उलट पंप बंद झाले की खाण पाण्याने भरते आणि पाणी स्वतःची वाट शोधून बाहेर येते. ज्या कंपन्यांनी ती खणली त्यांतल्या बहुतेक आज अस्तित्वात नाहीत.

उपाय आहेत. गावोगावच्या लोकांनी एकत्र येऊन पाणी चुनखडीतून फिरवायचे, मग एकाखाली एक तळ्यांत सोडायचे, शेवटी पाणकणसांच्या दलदलीतून ओढ्यात, अशी व्यवस्था ठिकठिकाणी केली आहे. वरच्या तळ्यात पाणी नारिंगी, खालच्यात जवळजवळ नितळ. हे काम करणारे लोक निवृत्त शिक्षक, मासेमारीचे शौकीन, खाणकामगारांची मुले आहेत. तळ्यातला गाळ काढावा लागतो, चुनखडी बदलावी लागते, आणि हे कधी संपणार असे विचारले तर त्यांच्याकडे वर्ष नसते. १९७७ च्या केंद्रीय कायद्याने खाणींकडून जमीन पूर्ववत करण्याची हमी घ्यायला सुरुवात झाली आणि जुन्या बेवारस खाणींसाठी प्रत्येक टनामागे कर बसवला. २०२१ च्या एका कायद्यात त्यासाठी आणखी ११३० कोटी डॉलर मंजूर झाले. म्हणजे १९१० साली जळालेल्या कोळशाचा काही खर्च आज मी भरते आहे, आणि माझी मुलगी भरेल. मला त्याची तक्रार नाही. मी या जिन्यांवरून चालते, या पुलांवरून जाते. फक्त तो खर्च कोणत्या गावाच्या वाट्याला सर्वात जास्त आला, हे विसरले जाऊ नये असे वाटते.

धरणाची गोष्टही इथलीच, आणि ती वाचताना मला मुळशी आठवल्यावाचून राहिली नाही. १९३६ च्या मार्चमध्ये पिट्सबर्ग पुरात बुडाले. पुढे शहर वाचवायला आणि उन्हाळ्यात नदीची पातळी राखायला अलेगेनीवर वर किंझुआ इथे धरण बांधायचे ठरले. ते १९६५ मध्ये पुरे झाले. त्याच्या जलाशयात सेनेका या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांची सुमारे दहा हजार एकर जमीन गेली, जी १७९४ च्या करारात अमेरिकी सरकारने त्यांना कायमची म्हणून लिहून दिली होती. त्यांचा पुढारी कॉर्नप्लँटर याची कबरही हलवावी लागली. सेनापती बापटांचा मुळशीचा सत्याग्रह १९२१ चा, टाटांच्या धरणाविरुद्धचा. वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती आणि भातखाचरे मावळ्यांची होती. दोन्ही ठिकाणी पाण्याखाली गेलेल्यांनी कागद दाखवले, आणि दोन्ही ठिकाणी कागद पुरले नाहीत. पिट्सबर्गच्या संगमावर नदीकाठी कॉफी पीत बसता येते, त्याचे एक मूल्य शंभराहून अधिक मैल उत्तरेला चुकवले गेले आहे.

तेलाविषयी थोडक्यात. याच राज्यातल्या टायटसव्हिलला ऑगस्ट १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांच्या विहिरीत साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागले. जवळच पिटहोल नावाचे गाव १८६५ मध्ये काही महिन्यांत पंधरा हजार वस्तीचे झाले, आणि बारा वर्षांत नावापुरतेही राहिले नाही. आज तिथे उतारावर गवत कापून जुन्या रस्त्यांच्या रेषा दाखवल्या आहेत. पण सगळ्यात मागे राहिल्या त्या विहिरी. शंभर वर्षे विहीर खणायला परवाना लागत नव्हता, त्यामुळे नोंदच नाही. अनेक विहिरींतले लोखंडी पाइप भंगारासाठी उपसून नेलेले, म्हणून लोहचुंबकाच्या उपकरणालाही सापडत नाहीत. त्यांतून मिथेन झिरपतो. कोणाच्या अंगणात, कोणाच्या तळघराखाली. त्या बुजवायला २०२१ च्या त्याच कायद्यात देशभरासाठी ४७० कोटी डॉलर ठेवले, पण बुजवायची विहीर आधी सापडायला हवी.

हे सगळे जुने झाले असे मला वाटत होते. मग २००४ मध्ये वॉशिंग्टन परगण्यात मार्सेलस शेल खडकातून गॅस काढण्याचा नवा अध्याय सुरू झाल्याचे वर्गात शिकलो, आणि मी रोज ज्या रस्त्याने जाते त्याच्या दुतर्फा काय आहे ते दिसू लागले. टेकडीचा माथा कापून काही एकर सपाट केलेला, वर खडी. तिथून खाली जाऊन आडव्या वळणाऱ्या अनेक विहिरी. प्रत्येकीला कोट्यवधी लिटर पाणी, ते दाबाने खडक फोडायला. त्यातले खारट होऊन परत येणारे टँकरने कुठेतरी जाते. शेतकऱ्यांना रॉयल्टी मिळते, आणि त्यावर कोणाचे कर्ज फिटले आहे, कोणाची मुले शिकली आहेत. मला त्यांच्यावर बोट ठेवायचे नाही. माझ्या घरातला हीटर याच गॅसवर चालतो.

पिट्सबर्गच्या पूर्वेला होमर सिटीत राज्यातले सर्वात मोठे कोळशावरचे वीजकेंद्र होते, १८८४ मेगावॉटचे, म्हणजे आपल्या कोयनेच्या जवळपास. जुलै २०२३ मध्ये ते बंद झाले. मार्च २०२५ मध्ये त्याच्या चिमण्या सुरुंग लावून पाडल्या. पुढच्याच महिन्यात तिथे डेटा सेंटरसाठी साडेचार हजार मेगावॉटपर्यंतचे गॅसवरचे केंद्र उभारायची घोषणा झाली, बत्तीसशे एकरांवर. म्हणजे दोन कोयनांहून जास्त वीज, आणि ती संगणकांना. गॅस मार्सेलसचा.

गावातल्या लोकांशी बोलले. बहुतेकांना हे हवे आहे. वीजकेंद्र गेल्यापासून शाळेचा महसूल गेला, दुकाने गेली. ज्यांनी आयुष्यभर वीज बनवली त्यांना पुन्हा वीज बनवायची आहे, यात मला काही चूक दिसत नाही. म्हणूनच मला दुसरा प्रश्न, राखेचा, आत्ता विचारायचा आहे, पन्नास वर्षांनी नाही. वर्ग संपला तरी आम्ही काहीजण अजून भेटतो, आणि या प्रकल्पाला गॅस जिथून येऊ शकतो त्या भागाचा एक नकाशा करायला घेतला आहे. परवान्यांचे कागद सार्वजनिक असतात. त्यांवरून एकेक नवी विहीर, पाइपची वाट, पाणी उपसण्याची जागा, खारे पाणी नेण्याचे ठिकाण मांडायचे. त्याखाली जुन्या खाणींचा थर, कारण नवी विहीर जुन्या बोगद्यातून गेली तर काय होते हे इथल्या लोकांना ठाऊक आहे. बेवारस विहिरींची माहिती सर्वात तुटपुंजी आहे, म्हणून ती आम्ही गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून गोळा करतो: तुमच्या आजोबांच्या शेतात पंप कुठे होता, डबक्यावर तेलाचा तवंग कुठे यायचा. शनिवारी त्यांतली दोन शेते पाहायला जायचे आहे.